टेबलापलीकडचं घड्याळ

वर्षाला ते घड्याळ हवं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तिने स्वतः अकरा वर्षांत कुणाजवळ आपल्याला ते हवंय असा शब्द काढला नव्हता. पुढेही काढला नसता, तोंडाला कुलूप लावून बसण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण घड्याळवाले भगवंत मास्तर, मिलमध्ये रंगाचं प्रमाण काढणारे, शनिवारी रिटायर झाले, रविवारी त्यांची भाची येणार होती, आणि घड्याळ भाचीला मिळणार हे सुरतजवळच्या पलसाण्यात, कापड रंगवणाऱ्या त्या डाइंग मिलमध्ये वॉचमनपासून बॉयलरवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं.

भाची पायलट होती. विमान चालवायची. मास्तरांनी हे इतक्यांदा सांगितलं होतं की नवीन लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी आधी चहा आणि मग ही बातमी मिळायची.

घड्याळही विमानवाल्यांचंच. मास्तर तरुणपणी सुरतच्या चौटा बाजारात फिरत असताना फुटपाथवरच्या म्हाताऱ्याने ‘पायलट की घड़ी है’ म्हणून त्यांच्या गळ्यात मारलं होतं. काचेभोवती आकड्यांची एक कडी, ती बोटाने फिरायची. तिला लागूनच आत तसेच आकडे, ते जागचे हलायचे नाहीत. सुरुवातीचे आकडे ऐसपैस बसलेले आणि शेवटचे दाटीवाटीने. दोन वर्षं मास्तरांना त्या कडीचा उपयोग कळला नाही. मग रंगाच्या कंपनीचा एक वयस्कर केमिस्ट मिलमध्ये आला, त्याने मनगट धरून समजावलं. पायलट लोक हवेत असताना हीच कडी फिरवून अंतर, वेळ, पेट्रोल काढतात. तू रंग काढ.

आठवी शिकलेल्या मास्तरांनी त्या दिवसापासून रंग काढला. लॅबची चिठ्ठी, म्हणजे कोणता रंग किती घालायचा ते, शंभर किलो कापडाची असते. मशीनमध्ये कापड पडतं कधी दोनशे पासष्ट किलो, कधी तीनशे दहा. दोनशे पासष्ट असेल तर कडीवरचा साडेसव्वीस आतल्या दहावर आणायचा आणि हात काढून घ्यायचा. आता आत चिठ्ठीतला आकडा शोधला की त्याच्या डोक्यावर, कडीवर, आजचं वजन उभं. पिवळा, लाल, निळा, तिन्हींचं एकदम. पुन्हा काही दाबायला नको. कॅल्क्युलेटरची बटणं रंगाच्या भुकटीने महिन्याभरात चिकटायची. घड्याळ चाळीस वर्षं चिकटलं नाही. फक्त शून्य कुठे द्यायचं ते घड्याळ सांगत नाही, ते आपलं आपल्याला कळावं लागतं. ‘साडेआठ, पंच्याऐंशी की साडेआठशे, ते इथं,’ असं म्हणून मास्तर कपाळावर बोट ठेवायचे.

मास्तर टेबलाच्या एका बाजूला, वर्षा दुसऱ्या बाजूला. मास्तर आकडा बोलायचे, वर्षा काट्यावर रंग तोलायची. तिचं काम तेवढंच. नववीतून शाळा सुटलेली, लग्न होऊन धरणगावहून सुरतला आलेली, नवरा लूमवर. शाळा सुटली याचं तिला फारसं दुःख नव्हतं, पण गणित सुटलं याचं होतं. गणित तिला आवडायचं. हे सांगितलं असतं तर लोक हसले असते, म्हणून तेही तिने सांगितलं नाही.

समोर बसून बसून तिला घड्याळ वाचता यायला लागलं. कुणी शिकवलं नाही. मास्तर कडी फिरवायचे, आकडा बोलायचे, आणि ती तो आकडा घड्याळात शोधायची, खेळ म्हणून. सहा महिन्यांत मास्तरांचं तोंड उघडायच्या आत तिचा चमचा डब्यात जायला लागला. मास्तरांना वाटायचं बाईचा हात चलाख आहे. तो होताच, पण त्यांना वाटायचा तसा नव्हे.

आणि गेल्या दोन वर्षांत एक गोष्ट झाली, ती तिच्या मनावर दगडासारखी बसली होती. मास्तर चुकायला लागले. कडी बरोबर लावायचे, ती बोटांच्या सवयीने लागायची, पण बारीक रेघ वाचताना घसरायचे. दोनशे पंचवीसच्या जागी दोनशे पंचावन्न. पहिल्यांदा असं झालं तेव्हा वर्षाचा चमचा हवेत थांबला. समोर घड्याळ स्वच्छ दिसत होतं. मास्तरांना ‘चुकलात’ म्हणायची तिची छाती झाली नाही. तिने मान हलवली, ‘दोनशे पंचावन्न’ असं मोठ्याने म्हटलं, आणि काट्यावर दोनशे पंचवीस तोलले. शेड बरोबर निघाली. पुढे महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून एकदा, शेवटी रोज. ‘भगवंत मास्तरचा लॉट परत येत नाही,’ असं मॅनेजर म्हणायचा, आणि मास्तर मिशीतल्या मिशीत हसायचे. वर्षालाही बरं वाटायचं. चोरी करतोय असंही वाटायचं.

रविवारी मास्तरांनी तिला जेवायला बोलावलं होतं. ‘ये, तुला पायलट दाखवतो,’ असं म्हणाले होते, जत्रेतली वस्तू दाखवावी तसे.

ती साडीची निरी नीट करत होती तेव्हा सासूबाईंनी विचारलं. शोभाबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे.

“तोंड का बरं उतरेल शे तुन्हं? जेवाले जाई राह्यनी ना?”

“काही नही, आत्या.”

“तुले ते घड्याळ पाहिजे व्हतं,” शोभाबाई शांतपणे म्हणाल्या आणि लसूण सोलायला लागल्या.

अकरा वर्षं लपवलेली गोष्ट या बाईने लसूण सोलता सोलता काढून ठेवली होती.

“मी कवय बोलनू?”

“बोलनी नही. पण रोज घर येस नि त्या घड्याळनंच सांगस.”

गोडादरा वस्तीतलं मास्तरांचं घर दोन गल्ल्या सोडूनच होतं. वर्षा पायी निघाली. वाटेत तिच्या मनात एक विचार आला आणि तिला स्वतःची लाजच वाटली. आता पायलट लोक हे घड्याळ खरंच वापरत असतील का? नवऱ्याने एकदा मोबाईलवर दाखवलं होतं, विमानात पुढे सगळे पडदेच पडदे. एवढे पडदे असताना मनगटावरची कडी कोण फिरवत बसेल? आणि वापरत नसतील, तर मग घड्याळ तिकडे जाऊन करणार काय? कपाटात पडणार. दुसऱ्याच्या घरी जेवायला जायचं आणि त्याची आवडती गोष्ट खोटी निघावी असं मनात धरायचं, हे काही बरं नव्हतं. पण धरलं होतं खरं.

दार उघडलं ते भाचीनेच, विशाखाने. जीन्स, साधा कुर्ता, केस मागे बांधलेले. वर्षाने पांढरा शर्ट आणि सोनेरी पट्ट्या डोळ्यासमोर आणल्या होत्या, त्यामुळे ही आधी शेजारची कुणी असेल असंच तिला वाटलं.

“जय भीम ताई, या ना. तुम्ही वर्षाताई ना? मामा सकाळपासून तुमचंच सांगतोय. म्हणे चमचा उचलला की वजन ठरलेलं.”

आत मास्तर पलंगावर बसले होते, पांढरा सदरा, दाढी घोटलेली. समोर स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या. तांब्या हाताने चाचपत त्यांनी उचलला. रंभाबाई, म्हणजे मास्तरांची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, “बघ गं वर्षा, तांब्या दिसत नाही पण डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं नाव नाही. रिटायर होऊ दे म्हणत होते. झाले ना आता?”

“जाईन ना,” मास्तर म्हणाले. “तू आधी भाकरी थाप.”

जेवणाआधीच त्यांनी घड्याळ द्यायचा कार्यक्रम उरकला. घड्याळ काढून हातात धरलं, सदऱ्याच्या टोकाने काच पुसली. विशाखा समोर खाली बसली.

“लहानपणी माझ्या मांडीवर बसून हीच कडी फिरवायची तू,” मास्तर म्हणाले. “मी सांगायचो, यानं विमान चालतं. आठवतं?”

“आठवतं ना मामा. मी शाळेत सगळ्यांना सांगायचे.”

“मी रंगवाला माणूस, उसनं वापरलं. ज्याचं त्याला पोचवलेलं बरं.” असं म्हणून त्यांनी ते तिच्या मनगटावर बांधलं. बांधताना पट्ट्याचं भोक त्यांना दोनदा सापडलं नाही. विशाखाने हळूच आपल्या बोटाने काटा भोकात बसवला आणि त्यांनीच बांधलं असं दाखवलं.

वर्षा हे बघत बसली. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून तिने वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं. आणि मग काय झालं कोण जाणे, जो प्रश्न मनातल्या मनात ठेवायचा होता तो तोंडातून गेला.

“ताई, पायलट लोक अजून वापरतात का हो ही कडी?”

विशाखाने घड्याळाकडे बघितलं, मग मामाकडे. मास्तर मान पुढे काढून, हसऱ्या तोंडाने उत्तराची वाट बघत होते. त्यांना उत्तर ठाऊकच होतं, फक्त परक्या माणसासमोर ते ऐकायची मौज हवी होती.

“वापरतो की,” विशाखा म्हणाली. “म्हणजे... लागतंच.”

“ऐक!” मास्तरांनी मांडीवर थाप मारली.

वर्षाने मान डोलावली. झालं, प्रश्नच मिटला. तिला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, कारण आता आशा करायची कटकट उरली नव्हती. ती भाकऱ्यांची ताटं आणायला उठणार, तेवढ्यात मास्तरांना हुक्की आली.

“चल, मग दाखव मामाला. मिलचा हिशोब दे करून. कापड दोनशे पासष्ट किलो. चिठ्ठीत निळा पंच्याऐंशी ग्रॅम, शेकड्याला. किती तोलायचा?”

“मामा, जेवू या ना आधी.”

“एक मिनिटाचं काम आहे. माझं तर अर्ध्या मिनिटाचं.”

विशाखा हसली आणि कडीला हात लावला. कडी फिरवली, थांबली, मागे घेतली. दहा कुठलं धरायचं, आतलं की बाहेरचं, हे तिला आठवेना. शेवटी साडेसव्वीस दहावर आलं. मग ती आत पंच्याऐंशी शोधायला लागली. ते शेवटच्या दाटीत कुठेतरी होतं. तिची बोटं काचेवर फिरत राहिली. वर्षा तिच्या अगदी समोर बसली होती, रोज मिलमध्ये बसायची तेवढ्याच अंतरावर. घड्याळ तिच्याकडे उलटं होतं. रोज असायचं तसंच.

“दोनशे पंचवीस,” वर्षा म्हणाली.

म्हणाली आणि जीभ चावली. पण शब्द गेला होता.

मास्तरांचं हसू तसंच राहिलं, फक्त ते तिच्याकडे वळले.

“किती?”

“काही नाही मास्तर, असंच.”

“दोनशे पंचवीस म्हणाली तू. कुठं पाहून राहिली?”

“घड्याळात.”

“घड्याळ तिच्या हातात आहे. तुझ्याकडून उलटं.”

“मला उलटंच येतं,” वर्षा म्हणाली. “समोर बसायची ना मी.”

रंभाबाई पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. मास्तरांनी पाय खाली सोडले.

“लाल एकशे वीस आहे. सांग.”

“तीनशे अठरा.”

“पिवळा साडेतीनशे.”

“नऊशे सत्तावीस. वर अर्धा.”

विशाखाने मोबाईल काढून हिशोब केला आणि तो खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की आकडे बरोबर होते.

मास्तर रागावले असतील असं वर्षाला वाटलं. त्यांच्या घड्याळात न विचारता डोकावून अकरा वर्षं गेली होती. तिने पदर आवळून धरला.

“दिवाळीच्या आधी मोरपंखीचा मोठा लॉट होता,” मास्तर म्हणाले. आवाज अगदी साधा, हवापाण्याचं बोलावं तसा. “मी निळा बोललो आणि घरी आलो. मनात खुटखुट राहिली. भिंग घेऊन कागदावर गुणाकार केला. तीसेक ग्रॅम जास्त बोललो होतो मी. सकाळी मिलमध्ये पाय उचलत नव्हता. जाऊन पाहतो तर शेड बरोबर, पार्टी खूश. मला वाटलं, आपला कागदच चुकला.”

वर्षा खाली बघत होती.

“वर्षा, कागद चुकला नव्हता ना?”

खोटं बोलता आलं असतं. दोन वर्षं तेच तर केलं होतं, मोठ्याने एक आणि काट्यावर दुसरं. पण समोरचा माणूस आपणहून विचारत होता, आणि त्याला उत्तर माहीत होतं.

“नाही मास्तर.”

“असं किती वेळा?”

“मोजलं नाही.”

“मोजलं असशील. तू मोजणारी आहे. मला बोलली का नाही?”

“कसं बोलणार? तुमचा लॉट परत येत नाही म्हणतात सगळे.” आणि आता मात्र तिला रडू फुटलं. “मला वाटलं, तुम्हाला टेबलावरून उठवतील.”

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या त्याच टोकाने पुसला. काही फरक पडत नव्हता तरी पुसत राहिले. त्यांना लाज वाटली होती, ते दिसतच होतं. पण त्या लाजेबरोबर आणखीही काहीतरी होतं. दोन वर्षं हा माणूस रोज सकाळी भीत भीत मिलमध्ये जात होता, आज चुकणार, आज पकडला जाणार, म्हणून. ती भीती एकट्याची नव्हती, टेबलाच्या पलीकडे कुणीतरी तिचं अर्धं ओझं धरून बसलं होतं, हे त्यांना आत्ता कळत होतं.

विशाखाने घड्याळाचा पट्टा सोडला.

“मामा, मी पण खोटं बोलले. परीक्षेच्या वेळी अशाच आकड्यांची गोल पट्टी शिकवतात, घड्याळापेक्षा मोठी असते. ती मी शिकले आणि विसरले. आता विमानातला कॉम्प्युटर काढतो सगळं, वर टॅबलेट असतो. काही जुने कॅप्टन असं घड्याळ घालतात, पण हौसेने. मी चार वर्षं उडतेय, कडी फिरवून काही काढलेलं मी तरी कुणाला पाहिलं नाही.”

“कुणाला म्हणजे कुणालाच नाही?”

“मी तरी नाही. रागावलास?”

“मग लहानपणापासून मी तुला काय सांगत आलो?”

“ते सांगितलंस म्हणून तर मी पायलट झाले,” विशाखा म्हणाली. “माझं काम या घड्याळाने केव्हाच करून टाकलंय.”

मास्तरांनी यावर विचार केला. “म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “विमानवाले वापरत नाहीत. हे वापरणारे आता आम्ही दोघंच. मी आणि ही.”

“एकटी हीच,” रंभाबाई दारातून म्हणाली. “तुम्हाला दिसतं कुठे?”

आधी विशाखा हसली. मग मास्तर हसले, आणि हसता हसता त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. वर्षाला हसावं की नाही ते कळेना, म्हणून ती नाक पुसत बसली.

“हात पुढे कर,” मास्तर तिला म्हणाले.

“नको मास्तर. ताईचं आहे.”

“ताईनं काढून ठेवलं. हात कर.”

तिने हात पुढे केला. या वेळी मास्तरांनी पट्टा बांधायचा प्रयत्नच केला नाही, सरळ विशाखाकडे दिला. पट्टा सैल झाला, घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरलं. रंभाबाईने दाभण आणून चुलीवर तापवलं आणि पट्ट्याला नवीन भोक पाडलं. विशाखाने घड्याळ बसवून दिलं, नीट, जसं सगळे घालतात तसं.

“उद्या मॅनेजरला फोन करतो,” मास्तर म्हणाले. “त्यांना नवा मास्तर आणायचा असेल तर आणू दे. पण आकडा तू काढायचा, आणि मोठ्यानं बोलायचा. जे बोलशील तेच तोलायचं. माझ्या वेळी केलं ते पुरे.”

“हो मास्तर.”

वर्षाने मनगट डोळ्यासमोर धरलं. अकरा वर्षं जे टेबलाच्या पलीकडे होतं ते आता हाताभरावर होतं. तिने कडीवरचा साडेसव्वीस दहावर नेऊन बघितला. आणि गोंधळली. आकडे सगळे तिथेच होते, पण ओळखीचे दिसत नव्हते. पंच्याऐंशी भलतीकडेच, एकशे वीस भलतीकडे. तिने मान वाकडी केली, मग आणखी वाकडी केली. मग एक क्षण थांबून तिने पट्टा सोडला, घड्याळ गरकन फिरवलं, बारा खाली आणि सहा वर, आणि पुन्हा बांधलं. आता सगळं जागच्या जागी होतं.

“अहो ताई, उलटं घातलंत,” विशाखा म्हणाली.

“असंच वाचता येतं मला.”

मास्तरांना दिसलं नव्हतं, पण ऐकू आलं. त्यांनी विचारलं, “अगं, मग वेळ कशी बघशील?”

“वेळ मोबाईलवर बघेन,” वर्षा म्हणाली आणि भाकऱ्यांची ताटं आणायला उठली.